शर्यतीच्या खिलार बैलाचा वाजवी भाव कसा ठरवावा?

आटपाडी - शर्यतीच्या बैलाला छापील दर नसतो. जुन्या स्पोर्ट्‌स मोटारीप्रमाणेच त्याची किंमतही कूळ, अवस्था आणि धावेचा इतिहास पाहून ठरते. मात्र जपून ठेवलेली मोटार महागू शकते, बैल वयाबरोबर उतरतोच. त्यामुळे लाखांचा सौदा करताना त्याची किती वर्षांची धाव शिल्लक आहे, हा पहिला प्रश्न असावयास हवा.

पूर्वी औंध संस्थानात असलेल्या या तालुक्याच्या नावाने खिलारचा 'आटपाडी महाल' हा प्रकार ओळखला जातो. खरसुंडीच्या सिद्धनाथ यात्रेत खिलार जनावरांचा मोठा बाजार भरतो. गलाई व्यवसायानिमित्त देशभर विखुरलेली इकडची मंडळी यात्रेला गावी येतात आणि हौसेने दावणीपाशी उभी राहतात. हौशी गिऱ्हाइकाला चढा भाव सांगितला जातो, हे वेगळे सांगावयास नको.

वय शिंगांवरून ठरवू नये. शिंगे तासून तुकतुकीत केली, की वयाच्या खुणा पुसल्या जातात. दात मात्र सहसा फसवत नाहीत. दुधाचे दात असलेला तो आदत. साधारण दोन-अडीच वर्षांनी पहिली जोडी पडून कायमचे दात येतात, म्हणजे तो दोन दाती. पुढे चार दाती, सहा दाती होत चार-पाच वर्षांच्या सुमारास तो जुळतो. जुळून बराच काळ लोटलेल्या बैलाला उमद्या चार दातीचा भाव देणे म्हणजे गेलेल्या धावेचे पैसे मोजणे होय.

विक्रेता जिंकलेल्या मैदानांची नावे सांगतो, मोबाईलवर चित्रफीत दाखवितो. पण शर्यत जिंकते ती जोडी, आणि तिच्यामागे हाकणाऱ्याचे कसब असते. म्हणून बैल दुसऱ्या जोडीदाराबरोबर पळवून पाहावा. तो दोन्ही खांद्यांना चालतो, की एकाच, हेही पाहावे. एकाच बाजूने पळणाऱ्याला जोड मिळणे अवघड, तेवढा भाव कमी. धाव संपल्यावर कठीण जमिनीवर चालवून खूर, गुडघे व खांदा तपासावा आणि दम किती वेळात बसतो ते मोजावे. घाटाची शर्यत आणि सपाट मैदानाची शर्यत यांत फरक असतो. एकीकडचे नाव दुसरीकडे चालेलच असे नाही. अंगावरील भोवऱ्यांच्या शुभाशुभाचा वेगाशी संबंध नाही, तरी पुढचे गिऱ्हाईक ते पाहते, म्हणून भावात ते धरावेच लागतात!

भावात कायद्याचाही वाटा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी शर्यतींवर बंदी घातली, १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्रात त्यांना सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. २०२२ मध्ये लम्पीच्या साथीमुळे जनावरांचे बाजार आणि शर्यती पुन्हा बंद कराव्या लागल्या. शिवाय २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीस बंदी असल्याने पाय मोडलेल्या बैलाला अखेरचे गिऱ्हाईकही उरत नाही; त्याला पोसावे लागते. तेव्हा त्याच वयाच्या शेतीच्या निरोगी खिलारचा त्या दिवशीचा बाजारभाव हा पाया धरावा. त्यावरची रक्कम वेगाची. ती बुडाली तरी घर चालेल एवढीच असावी. खुराक, सांभाळणारा माणूस आणि वाहतूक यांचा वर्षाचा खर्च वेगळा मांडावा.

सांगितलेला भाव आणि झालेला सौदा यांत अंतर असते. २०२० मध्ये आटपाडीच्या बाजारात माडग्याळ जातीच्या एका मेंढ्याला ७० लाखांची मागणी आली, मालकाने दीड कोटी सांगितले, अशी बातमी गाजली. विक्री मात्र झाली नाही. अशा आकड्यांवरून दावणीचा भाव ठरवू नये. रुमालाखाली बोटे दाबून सौदा होत असेल, तर आपला शेवटचा आकडा आधीच पक्का करून जावे.

कानातील बारा अंकी बिल्ला, लसीकरणाची नोंद, पशुवैद्यकाचा दाखला आणि बाजार समितीची पावती तपासावी. इसार थोडाच द्यावा. बैल पळवून पाहीपर्यंत बाकी रक्कम आपल्याकडेच ठेवावी.