निष्काळजीपणा (अपकृत्य)
सावधगिरीचे कर्तव्य असता ती न बाळगल्याने दुसऱ्यास इजा होणे. भरपाई मागणाऱ्याला कर्तव्य, त्याचा भंग आणि त्यातूनच झालेली हानी, हे तिन्ही सिद्ध करावे लागते. भोपाळच्या हबीबगंज स्थानकात (२०२१ पासून राणी कमलापती) सुटत्या गाडीच्या पायरीवरून घसरून उतारू फलाटाच्या फटीत पडला, तर मात्र हा खटाटोप नाही. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १२४-अ नुसार रेल्वेची चूक असो-नसो, भरपाई मिळते. मृत्यू ओढवल्यास ८ लाख रुपये. आत्महत्या, नशा, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य इत्यादी अपवाद. चढता-उतरताना झालेला अपघात म्हणजे स्वतःहून करून घेतलेली इजा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवले. नुसते तिकीट सापडले नाही म्हणूनही दावा बुडत नाही. अपघातात ते राहते कुठे?