अटींवरचा प्रवेश : कमला भागवत यांचे प्रकरण

१९३३ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला पहिला भारतीय संचालक लाभला. आजवर हे पद इंग्रजांकडेच असल्याने ही घटना अभिमानाची होती. त्याच वर्षी त्याच संचालकाने, म्हणजे नोबेलविजेते सर सी. व्ही. रामन यांनी, मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर कमला भागवत यांना केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. वर्णाची भिंत ओलांडून आलेल्या विद्वानाला दुसरी भिंत दिसली नाही, ही बाब अल्पसंख्याक शिक्षणसंस्थांतील प्राध्यापकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी अशी आहे.

कमलाबाई इंदूरच्या, लेखिका दुर्गा भागवत यांच्या धाकट्या भगिनी. त्यांचे वडील व काका याच संस्थेत शिकलेले होते. त्या अडून बसल्या, तेव्हा प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे, नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीसुद्धा, काम करायचे. आणि प्रयोगशाळेतील पुरुषांचे लक्ष विचलित होता कामा नये. यातली शेवटची अट विशेष बोलकी आहे. लक्ष दुसऱ्याचे, जबाबदारी मात्र बाईची! वर्षअखेरीस रामन यांचे समाधान झाले आणि पुढे मुलींना दार उघडले. कमलाबाईंनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. विवाहानंतर कमला सोहोनी या नावाने त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाल्या. नीरेच्या पोषणमूल्यावरील त्यांचे संशोधन गाजले. तरीही तेथील संचालकपद त्यांना उशिरानेच मिळाले. रामन यांनी दिलेल्या वागणुकीचा सल त्यांनी उतारवयातही बोलून दाखवला. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

इंदूरप्रमाणेच मध्य प्रदेशात असलेल्या बालाघाट जिल्ह्यातील किरनापूर हे तालुक्याचे गाव. २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा तेथील संस्थांनाही लागू आहे. दहा वा अधिक कर्मचारी असल्यास अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष ज्येष्ठ महिला हवी, निम्म्या सदस्य महिला हव्यात. कायदा छळाची दखल घेतो. रोजच्या लहानसहान अटींची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही. पाहुण्यांचे स्वागत, रांगोळी आणि चहापान बाईंकडे. वेळापत्रक, खरेदी आणि परीक्षेचा कारभार सरांकडे. बुरखा वा स्कार्फ घेणाऱ्या प्राध्यापिकेची तर विषयाआधी पोशाखावरूनच चौकशी होते. यातील कोणतीही अट लेखी नसते. रामन यांच्या अटी निदान तोंडावर सांगितलेल्या होत्या.