'डिसोजा' : एका आडनावाची कुळकथा

काही वर्षांपूर्वी एका शासकीय कचेरीत दाखल्यासाठी आम्ही अर्ज दिला होता. अर्जावरील नाव वाचून तेथील लिपिकाने चष्म्यावरून आमच्याकडे पाहिले आणि अगदी सौजन्याने विचारले, "आपण मूळचे पोर्तुगालचे का? मराठी मात्र छान बोलता हं!" रागवावे की हसावे हे आम्हांस कळेना. आमच्या वाडवडिलांनी वसईच्या बागायतीत केळी आणि पानवेली लावण्यात हयात घालवली. त्यांच्यापैकी कोणी लिस्बन बंदर डोळ्यांनी पाहिले नव्हते. "नाही हो, वसईचे," एवढेच सांगून आम्ही दाखला घेतला आणि बाहेर पडलो.

पण तो प्रश्न मनातून गेला नाही. तो काही परकेच विचारतात असे नाही. आपल्या समाजातही अशी कुटुंबे आहेत, की जी आपल्या खापरपणजोबांना एखादा पोर्तुगीज सरदार ठरवून मोकळी होतात. लिपिकाचा संशय आणि या कुटुंबांचा दिमाख ही दोन्ही एकाच गैरसमजुतीची अपत्ये आहेत : आडनाव म्हणजे रक्त. ही समजूत कितपत खरी आहे, हे 'डिसोजा' या आपल्या सर्वपरिचित आडनावाच्या आधारे तपासून पाहावे, असे आम्ही ठरविले.

पोर्तुगालच्या उत्तर भागात सोझा नावाची एक लहानशी नदी आहे. फेल्गेरास परिसरात ती उगम पावते आणि पेनाफिएल, पारेदेस या भागांतून वाहत पोर्तो शहराच्या थोडे वर दोरू या मोठ्या नदीला मिळते. या खोऱ्यात अकराव्या शतकात एगास गोमेस नावाचा एक सरदार होऊन गेला. 'सोझाचा' असे बिरुद लावणारा तो पहिला, असे त्या घराण्याची वंशावळ सांगते. पोर्तुगीज भाषेत 'द' म्हणजे 'चा'. आपल्याकडे जसा चिपळूणचा तो चिपळूणकर, तसा सोझाचा तो 'द सोझा'. म्हणजे आपल्या 'कर' या प्रत्ययाचाच हा परदेशी चुलतभाऊ, फक्त तो नावाच्या मागे न लागता पुढे लागतो. आल्मेडा हे आडनावही असेच गावावरून आलेले. रॉड्रिग्ज, फर्नांडिस, लोपीस यांची घडण वेगळी; ती बापाच्या नावावरून पडली. रॉड्रिगोचा तो रॉड्रिग्ज. परेरा म्हणजे नासपतीचे झाड, मच्याडो म्हणजे कुऱ्हाड. आपल्या धर्मग्रामांतील बाप्तिस्म्याची वही चाळताना आपण पोर्तुगालचा भूगोल, वनस्पती आणि अवजारे चाळत असतो, हे सहसा ध्यानात येत नाही.

या सोझा घराण्याची एक गोष्ट आम्हांस विशेष उद्बोधक वाटली. तेराव्या शतकात त्यांचा पुरुषवंश खुंटला. पोर्तुगालचा राजा तिसरा आफोंसो याच्या दोन अनौरस पुत्रांनी या घराण्यातील वारस कन्यांशी विवाह केले आणि त्यांच्या वंशजांनी आईकडचे नाव पुढे चालविले. म्हणजे खुद्द पोर्तुगालातल्या बड्या सोझांचे नावही बापाकडून आलेले नाही! ज्या घराण्याशी नाते सांगण्यासाठी आपले काही बांधव धडपडतात, त्यानेच आपले नाव माहेरच्या वाटेने टिकविले आहे.

हे नाव आपल्या किनाऱ्याला लागले ते सोळाव्या शतकात. मार्तीम आफोंसो द सोझा हा दर्यासारंग १५३४ साली हिंदुस्थानच्या समुद्राचा कप्तान म्हणून आला. त्यापूर्वी १५३२ मध्ये त्याने ब्राझीलमध्ये सांव विसेंती ही वसाहत स्थापन केली होती. त्याच्याबरोबर आलेला वैद्य गार्सिया द ओर्ता पुढे गोव्यात स्थायिक झाला आणि येथील औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. १५३४ च्याच डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातील बेटे तहान्वये पोर्तुगिजांना दिली. दीवच्या किल्ल्याचा कप्तान मानुएल द सोझा हा १५३७ साली बहादूरशहा ज्या चकमकीत बुडाला, त्याच चकमकीत मारला गेला. मार्तीम आफोंसो १५४२ साली गव्हर्नर होऊन पुन्हा गोव्यास आला, तेव्हा त्याच्या जहाजावर एक प्रवासी होता : फ्रान्सिस झेवियर. ६ मे १५४२ रोजी तो संत गोव्याच्या किनाऱ्यावर उतरला. सर्व डिसोजांचे नाव या एका गव्हर्नरावरून पडले असे मात्र कोणी समजू नये. फौजेत, आरमारात, वखारींत आणि मठांत सोझा नावाची माणसे पुष्कळ होती.

आता खरा प्रश्न. ते नाव आपल्या पूर्वजांना कसे चिकटले? बाप्तिस्म्याच्या वेळी नवख्रिस्ती व्यक्तीस संताचे नाव मिळे आणि आडनाव मिळे ते धर्मपित्याचे. गोव्यात त्याला 'पाद्रीन' म्हणतात. धर्मपिता हा बहुधा कोणी पोर्तुगीज अंमलदार, शिपाई वा जमीनमालक असे. कधी संस्कार देणाऱ्या धर्मगुरूचेच आडनाव दिले जाई. सोळाव्या शतकाच्या मध्यास गोव्यात मोठ्या सणांच्या दिवशी शेकडो माणसांना एकाच वेळी बाप्तिस्मा दिला जाई. एकच बडा धर्मपिता अनेकांना लाभला, की आख्खा वाडा एका आडनावाचा होई. त्यांच्यात शेतकरी असत, कारागीर असत, गावकरीचे मानकरीही असत. म्हणून आजही गोव्यात बामण, चाड्डी आणि सुदीर या तिन्ही गटांत डिसोजा सापडतात. वसईतही सामवेदी आणि वाडवळ या दोन्ही समाजांतून आलेल्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज आडनावे आहेत. नावाने जात झाकली गेली खरी. पण सोयरीक जुळविताना आपली वडीलधारी मंडळी ती कशी हुडकून काढीत, हे वाचकांना आम्ही सांगायला नको.

जुने नाव पुरते पुसले गेले का? गोव्यात गावकरीच्या दप्तरांनी ते काही अंशी जपले. जमिनीच्या उत्पन्नावरचा हक्क वांगडावरून, म्हणजे कुळाच्या शाखेवरून ठरत असल्यामुळे, बाटल्यानंतरही माणूस कोणत्या वांगडाचा हे नोंदविणे भाग होते. देवाच्या दारी जे नाव बदलले ते शेताच्या बांधावर ओळखीचेच राहिले! मंगळूरच्या ख्रिस्ती कुटुंबांनीही प्रभू, कामत, पै, शेट अशी मूळ कुळनावे आठवणीत ठेवली आहेत. आपल्या वसईत मात्र अशी आठवण फार थोड्या घरांत उरली. येथे एका आळीत एकाच आडनावाची दहा घरे झाली, की व्यवहारासाठी घराला टोपणनाव पडते आणि तेच पुढे चालते. आमच्या मते हे टोपणनाव हीच मराठी मनाने पोर्तुगीज आडनावावर घातलेली कुरघोडी होय.

याला अपवाद अर्थातच आहेत. पोर्तुगीज शिपायांनी येथील स्त्रियांशी लग्ने केली आणि त्यांची मुले बापाचे आडनाव रक्ताच्या नात्याने लावू लागली. आपला वसईचा संत गोन्सालो गार्सिया हा त्यांतलाच. बाप पोर्तुगीज, आई इथली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्याला क्रुसावर हौतात्म्य आले आणि १८६२ साली त्याला संतपद मिळाले. परंतु अशी कुटुंबे थोडी. बाप्तिस्म्यातून नाव मिळालेली माणसे कितीतरी अधिक.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला. पोर्तुगीज सत्ता गेली, त्यांचे सरदार गेले, त्यांचे बहुतेक धर्मगुरूही गेले. मराठ्यांच्या अमलात डिसोजा म्हणवून घेण्याने कोणाचा काही फायदा होणार नव्हता. नाव सोडायचे असते तर हीच वेळ होती. आपल्या पूर्वजांनी ते सोडले नाही. गोव्यात पोर्तुगीज राज्य १९६१ पर्यंत टिकले, त्यामुळे तेथील नाव टिकण्यास राजाश्रय होता असे कोणी म्हणेल. वसईकरांच्या बाबतीत तेही म्हणता येत नाही. दोनशे वर्षांत ते नाव आजोबांचे झाले होते, आणि आजोबांचे नाव कोणी टाकत नाही.

मुंबईत याच आडनावांनी एक वेगळाच पेच निर्माण केला. इंग्रजी राजवटीत गोव्याची माणसे नोकरीधंद्यासाठी मोठ्या संख्येने मुंबईस येऊ लागली. तीही डिसोजा, आणि वांद्रे, साष्टीचे मूळ रहिवासीही डिसोजा. कचेऱ्यांतील साहेबांना सगळेच 'पोर्तुगीज' वाटू लागले. आपण इंग्रजांची प्रजा असून याच भूमीचे आहोत, हे दाखविण्यासाठी येथील ख्रिस्ती लोकांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. आडनावाने झालेला घोटाळा निस्तरण्यासाठी एका समाजाला नवे नाव घ्यावे लागले.

दक्षिणेची कथा अधिक दुःखाची आहे. सोळाव्या शतकापासून गोव्यातील अनेक ख्रिस्ती कुटुंबे दुष्काळ, रोगराई, करांचा जाच, इन्क्विझिशनची धास्ती आणि पुढे मराठ्यांच्या स्वाऱ्या यांमुळे कानडा मुलखात उतरली. तेथील नायक राजांनी कसबी शेतकरी म्हणून त्यांना जमिनी दिल्या. १७८४ साली टिपू सुलतानाने त्यांना हजारोंच्या संख्येने कैद करून श्रीरंगपट्टणला नेले. १७९९ मध्ये टिपूचा अंत झाल्यावर जे जिवंत उरले ते परतले. आज मंगळूर व उडुपी परिसरात डिसोजा हे नाव पावलोपावली भेटते. त्यांच्या कोकणी बोलण्यात मात्र 'डि' गळून नुसते 'सोज' उरते.

तेथून पुढचा प्रवास आगबोटींचा आणि विमानांचा. एकोणिसाव्या शतकात कराचीत गोवेकरांची वसाहत वाढली. गोव्यातल्या नागव्याला जन्मलेला अंताव डिसोजा पुढे पाकिस्तानच्या क्रिकेट संघातून खेळला. मोझांबिकच्या अंतर्भागात म्हापशाच्या मानुएल आंतोनियो द सोझाने स्वतःची फौज उभारून जहागीर कमावली आणि १८९० साली तो इंग्रज कंपनीच्या हाती सापडला. केनिया, युगांडा, टांगानिका येथे कारकून, शिंपी, आचारी, शिक्षक म्हणून हे नाव गेले. १९७२ साली इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकलले, तेव्हा ते इंग्लंड आणि कॅनडाकडे वळले. त्याच दशकापासून आखाती देशांचा मार्ग खुला झाला. चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा साळगावचा, कवयित्री युनिस डिसोजा पुण्यात जन्मलेली, इतिहासकार तेओतोनियो डिसोजा मयड्याचे, आर्चबिशप यूजीन डिसोजा नागपूर व भोपाळचे. ही सगळी एकमेकांची भाऊबंद आहेत असे मानणारा मनुष्य फार भाबडा म्हटला पाहिजे. आफ्रिकेतील बेनिनमध्येही सोझा नावाचे एक मोठे घराणे आहे. ब्राझीलहून गेलेल्या फ्रान्सिस्को फेलिक्स द सोझा या गुलामांच्या व्यापाऱ्याचे ते वंशज. नाव एकच, पण त्या नावाखाली कोणी माणसे विकली, तर कोणी कैदेत खितपत पडले.

लेखनाविषयी दोन शब्द. पोर्तुगीजमध्ये दोन स्वरांमधला 'स' हा 'झ' सारखा उच्चारतात. पूर्वी तो कधी एका, कधी दुसऱ्या अक्षराने लिहीत. १९११ च्या शुद्धलेखन सुधारणेने पोर्तुगालात 'स' कायम झाला. ब्राझीलमध्ये आणि आपल्याकडे 'झ' राहिला. शिवाय इंग्रजीत आपण 'डी' नंतर जो वरचा स्वल्पविराम देतो, तो पोर्तुगीज व्याकरणात बसतच नाही. तेथे व्यंजनापूर्वी 'द' हा संपूर्ण शब्द लिहितात. हा तुरा इंग्रजी अमलातल्या हिंदुस्थानात रुळला. म्हणजे ज्या रूपात आम्ही अर्जावर सही केली होती ते रूप पोर्तुगालचे नव्हेच, ते इथलेच. लिपिकाला हे सांगायचे त्या दिवशी राहून गेले.

या आडनावाच्या शेजारी उभे राहणारे नावही आता बदलले आहे. १९१७ च्या धर्मविधिसंहितेनुसार बाप्तिस्म्यात ख्रिस्ती नाव द्यावे असा धर्मगुरूंना दंडक होता. १९८३ च्या नव्या संहितेत नाव ख्रिस्ती भावनेशी विसंगत नसावे, एवढीच अट उरली. तेव्हापासून आपल्या वह्यांत संदेश डिसोजा, स्मिता डिसोजा, अनिकेत डिसोजा अशा नोंदी वाढल्या. मधे वडिलांचे नाव घालण्याची आपली रीत मराठी, आडनाव सोझाकाठचे. गेल्या वर्षी आमच्या नातवाचा पासपोर्ट आला. त्यात तो वरचा स्वल्पविराम संगणकाने गाळून टाकला होता आणि सगळी अक्षरे एकमेकांना चिकटून एकच शब्द झाला होता, अगदी आपण देवनागरीत लिहितो तसा.