निष्काळजीपणा : स्वभाव की इतिहास?

वाशीम जिल्ह्यात कारंजा-मानोरा भागात कपाशीवर फवारणी करणारा मजूर पुष्कळदा हातमोजे आणि मास्कशिवाय दिसतो. ‘आपल्या लोकांना जिवाची पर्वाच नाही, परदेशात असे चालत नाही,’ हा त्यावरचा ठरलेला शेरा. सुरक्षिततेची वृत्ती खरोखरच राष्ट्राच्या स्वभावातून येते का?

डच अभ्यासक गिर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएम कंपनीच्या अनेक देशांतील कर्मचाऱ्यांच्या पाहणीवरून १९८० साली दाखवले, की वरिष्ठांचा अधिकार निमूट मान्य करण्याचे प्रमाण देशोदेशी वेगळे असते. भारतात ते बरेच जास्त आढळले. धोका दिसूनही मालकापुढे बोलायला जो कचरतो, त्याला अपघाताची भीती अधिक, हे पटते. पण ही वृत्ती घडली कशी, हे कळण्यासाठी इतिहासच पाहावा लागतो.

इंग्लंडमध्ये यंत्रांना कुंपण घालण्याची सक्ती १८४४च्या कायद्याने झाली. ती मोडून काढण्यासाठी १८५५ साली गिरणीमालकांनी संघटना स्थापली. अपघात कामगारांच्या बेपर्वाईने होतात, हाच त्यांचाही युक्तिवाद होता! म्हणजे तिथली शिस्तही उपजत नव्हती. कायदा, निरीक्षक आणि कामगारांचे लढे यांतून ती रुजली.

आपल्याकडे पहिला कारखाना कायदा १८८१चा. तो शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांपुरता होता, आणि वर्षात चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने त्यातून वगळले होते. हंगामी जिनिंगला ही पळवाट सोयीची होती. पुढे १८९१ आणि १९४८च्या कायद्यांनी कक्षा रुंदावली, तरी कपाशीचे शेत बाहेरच राहिले. १९५८ साली केरळमध्ये पॅराथिऑन मिसळलेल्या पिठामुळे शंभरावर माणसे दगावली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ साली, कीटकनाशक कायदा आला. १९७१च्या नियमांत संरक्षक कपडेही आले. पण चार एकरांच्या शेतात ते तपासणार कोण?

२०१७च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, शेकडो दवाखान्यात दाखल झाली. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील औषधे श्वासातून आणि त्वचेतूनही शरीरात जातात. ती कोलिनएस्टरेज हे विकर बंद पाडतात, त्यामुळे मज्जातंतूंचे संदेश थांबतच नाहीत. हे टाळायचे तर अंगभर जाड कपडे हवेत; पण उन्हात पाठीवर पंप घेऊन ते अंगावर ठेवणे कठीण. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची १९८५ची आचारसंहिता नेमके हेच ओळखते : ज्या औषधांसाठी त्रासदायक आणि महागडा संरक्षक पोशाख लागतो, ती उष्ण प्रदेशातील लहान शेतकऱ्यांसाठी टाळावीत.

तेव्हा स्वभावाला दोष देण्याआधी कायदा कुठवर पोहोचला आणि साधने कोणाला परवडतात, हे विचारावे. शाळेत निदान एक गोष्ट सहज शिकवता येईल : औषधाच्या डब्यावरील त्रिकोण. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे कमी विषारी, निर्धोक नव्हे.