नवोदय प्रवेश परीक्षेची तयारी : पालक, वस्ती आणि कार्यकर्त्यांसाठी माहिती

दरवर्षी जून-जुलै उजाडला की आमच्याकडे एकच प्रश्न येतो : "आमचं पोरगं हुशार आहे, त्याला नवोदयला बसवायचं आहे, काय करावं लागेल?" प्रश्न विचारणारी आई बहुधा शेतमजूर असते किंवा बाप गवंडीकाम करणारा असतो. घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेले नसते. शहरातल्या शिकलेल्या कुटुंबाला जी माहिती शेजारच्या गप्पांतून मिळते, ती या घरापर्यंत पोहोचतच नाही. समाजशास्त्रात पिएर बोर्द्यू या अभ्यासकाने याला सांस्कृतिक भांडवल म्हटले आहे. हे भांडवल घरात नसेल तर ते वस्तीने उभे करायचे असते. हा लेख त्यासाठी आहे.

नवोदय म्हणजे नेमके काय?

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून जवाहर नवोदय विद्यालयांची योजना देशभर पसरली. पहिल्या दोन शाळा १९८५-८६ मध्ये सुरू झाल्या : एक हरियाणातील झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. या शाळा केंद्र सरकारच्या, निवासी, मुलामुलींच्या एकत्र आणि सीबीएसई अभ्यासक्रमाच्या आहेत. ग्रामीण भागातल्या हुशार मुलांना चांगले शिक्षण मिळावे हाच त्यांचा मूळ हेतू.

सहावी ते बारावीपर्यंत शिक्षण, राहणे, जेवण, गणवेश आणि पुस्तके मोफत असतात. नववीपासून विद्यालय विकास निधी म्हणून दरमहा काही रक्कम घेतली जाते, पण अनुसूचित जाती-जमातीची मुले, सर्व मुली, दिव्यांग आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांची मुले यांना ती माफ आहे. म्हणजे आपल्या बहुतेक कुटुंबांना सात वर्षांच्या शिक्षणासाठी फी भरावी लागत नाही. शेतमजुराच्या घरासाठी ही किती मोठी गोष्ट आहे ते वेगळे सांगायला नको.

एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० जागा असतात. संपूर्ण जिल्ह्यातून मुले बसतात. त्यामुळे स्पर्धा तीव्र आहे, हे घरच्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे.

पात्रता : इथेच बरीच मुले गळतात

अभ्यासात कमी पडून जेवढी मुले मागे राहतात, जवळपास तेवढीच नियम माहीत नसल्यामुळे मागे राहतात, असा आमचा अनुभव आहे. म्हणून पुढील मुद्दे नीट समजून घ्या.

१. ज्या जिल्ह्यात मूल राहते आणि पाचवी शिकते, त्याच जिल्ह्याच्या नवोदयसाठी अर्ज करता येतो.

२. वयाची अट जन्मतारखेनुसार असते आणि ती सर्व प्रवर्गांना सारखीच लागू असते. अनुसूचित जातीला वयात सवलत नाही. शाळेत नाव घालताना अंदाजे जन्मतारीख लिहिली असेल तर अडचण येते.

३. ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. 'या वर्षी सरावासाठी बसू, पुढच्या वर्षी खरी देऊ' असे चालत नाही.

४. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. ग्रामीण ठरण्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण शिकलेली असावी लागतात. मधले एखादे वर्ष मूल शहरातल्या मामाकडे शिकले असेल तर ते शहरी गटात मोजले जाते. त्यालाही परीक्षा देता येते, पण जागा कमी उरतात.

५. अनुसूचित जाती-जमातींचे आरक्षण जिल्ह्यातील लोकसंख्येच्या प्रमाणात असते. ते अनुसूचित जातींसाठी १५ टक्के आणि जमातींसाठी ७.५ टक्के यांपेक्षा कमी होत नाही. दोन्ही मिळून ५० टक्क्यांची मर्यादा आहे. एकूण जागांपैकी किमान एक तृतीयांश मुलींसाठी असतात.

मुलींच्या बाबतीत अजूनही 'एवढ्या लहान पोरीला लांब कसं ठेवायचं' असे म्हटले जाते. काळजी खरी आहे, ती झिडकारू नका. आईवडिलांना एकदा शाळा दाखवून आणा. मुलींचे वसतिगृह वेगळे असते, ते डोळ्यांनी पाहिले की निम्मी भीती कमी होते.

जातीचा दाखला : आपला खास प्रश्न

इथे आपल्या समाजाने विशेष लक्ष द्यायला हवे. १९९० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळू लागल्या. पण अनुसूचित जातींच्या यादीत 'बौद्ध' ही जात नाही, ती असणारही नाही, कारण बौद्ध हा धम्म आहे. त्यामुळे नुसते 'बौद्ध' लिहिलेल्या शाळेच्या दाखल्यावर केंद्रीय संस्थेत आरक्षण मिळत नाही. मूळ अनुसूचित जात सिद्ध करणारे सक्षम अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते. नवोदय ही केंद्राची संस्था असल्याने प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात चालेल असे आहे ना, हे आधीच विचारून घ्या.

महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला किंवा कोतवाल बुकातील जन्माची नोंद इथे कामी येते. ज्या घरात पणजोबा शाळेतच गेले नाहीत, त्या घरात हा कागद शोधायला महिने जातात. तहसीलच्या अभिलेख कक्षातून नक्कल काढायची, मग सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्रातून प्रांत कार्यालयाकडे अर्ज करायचा, असा हा रस्ता आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या अभ्यासिकेतला एक मुलगा निवडला गेला. प्रवेशाला कागदपत्रे मागितली तेव्हा दाखला तयार नव्हता. त्याचे वडील आठवडाभर मजुरी बुडवून कार्यालयांच्या फेऱ्या मारत होते. दाखला शेवटच्या दिवशी मिळाला. त्या आठवड्यात घरात कोणालाही निवडीचा आनंद झाला नाही. तेव्हापासून आम्ही नियमच केला : आधी दाखल्याचा अर्ज, मग अभ्यासाचे पुस्तक.

काही घरांत एक अस्वस्थताही असते. धम्म स्वीकारल्यावर पुन्हा जुनी जात का लिहायची? हा प्रश्न रास्त आहे आणि मुलाने विचारला तर टाळू नका. त्याला सांगा की घरात, विहारात आणि मनात आपण बौद्धच आहोत. दाखल्यावरची नोंद आपल्या पूर्वजांवर झालेल्या अन्यायाची आहे आणि त्याची भरपाई म्हणून मिळालेला हक्क घेण्यासाठी ती लागते. दहा वर्षांच्या मुलाला एवढे समजते.

परीक्षेचे स्वरूप

परीक्षा दोन तासांची, एकूण ८० प्रश्न आणि १०० गुण. प्रत्येक प्रश्नाला १.२५ गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये.

मानसिक क्षमता : ४० प्रश्न, ५० गुण, साधारण ६० मिनिटे.
अंकगणित : २० प्रश्न, २५ गुण, साधारण ३० मिनिटे.
भाषा : २० प्रश्न, २५ गुण, साधारण ३० मिनिटे.

प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. अर्ज भरताना जी भाषा निवडाल तिच्यात परीक्षा होते, म्हणून मूल ज्या माध्यमात शिकते तीच भाषा निवडा. उत्तरे ओएमआर पत्रिकेवर निळ्या किंवा काळ्या बॉलपेनने गोल भरून द्यायची असतात. खाडाखोड चालत नाही.

घरी आणि वस्तीत तयारी कशी करावी?

मानसिक क्षमता : निम्मे गुण याच भागाला आहेत आणि शाळेत हा विषय शिकवलाच जात नाही. सगळे प्रश्न आकृत्यांचे असतात : वेगळी आकृती ओळखा, तशीच आकृती शोधा, अपुरी आकृती पूर्ण करा, मालिका पुढे न्या, आरशातली प्रतिमा, कागदाची घडी, लपलेली आकृती वगैरे. यासाठी महागडे क्लास लागत नाहीत. जुना चौकोनी कागद घ्या, दोनदा घडी घाला, एक भोक पाडा आणि मुलाला विचारा, उघडल्यावर किती भोके दिसतील? आधी उत्तर सांगू द्या, मग उघडून चार भोके त्यालाच मोजू द्या. आरशासमोर अक्षरे धरून पाहू द्या. हाताने केलेले डोक्यात बसते. महिनाभर असे केल्यावर मग पुस्तकातल्या आकृत्या घ्या.

अंकगणित : चार मूलभूत क्रिया, लसावि-मसावि, अपूर्णांक, दशांश, मापे, नफा-तोटा, परिमिती आणि क्षेत्रफळ असा आवाका आहे. बऱ्याच मुलांचा पाया पाढे आणि भागाकार इथेच कच्चा असतो, तो आधी पक्का करा. उदाहरणे घरातलीच घ्या. आईच्या बचत गटातून १,००० रुपये दरमहा २ टक्क्यांनी काढले तर सहा महिन्यांचे व्याज किती? १२० रुपये. हे गणित मूल कधी विसरत नाही. आईलाही वाटते की आपल्याला काही शिकवता आले.

भाषा : चार उतारे आणि प्रत्येकावर पाच प्रश्न. इथे पाठांतर चालत नाही, वाचनच लागते. घरात वऱ्हाडी, झाडी किंवा मराठवाडी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठी थोडी परकी वाटते. त्याच्या बोलीला नावे न ठेवता रोज वीस मिनिटे वाचायला लावा : वर्तमानपत्र, गोष्टीचे पुस्तक, विहारातली पुस्तके. वाचून झाल्यावर एकच प्रश्न विचारा, 'यात काय सांगितलं आहे?' अक्षर न येणारी आजीसुद्धा हे काम करू शकते.

ओएमआरचा सराव : आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलीने सराव चाचणीत एक प्रश्न सोडला आणि पुढची सगळी उत्तरे एक ओळ वर भरली. येत असूनही गुण गेले. त्यानंतर आम्ही दर रविवारी झेरॉक्स ओएमआरवर दोन तासांची पूर्ण चाचणी घेतो. घड्याळ भिंतीवर असते. एका प्रश्नाला सरासरी दीड मिनिट, अडले तर खूण करून पुढे जायचे, शेवटच्या दहा मिनिटांत राहिलेले सगळे गोल भरायचे. या तीन सवयी परीक्षेआधी लागायलाच हव्यात.

ऊसतोड आणि स्थलांतर करणारी कुटुंबे

अलीकडे परीक्षा डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास होते. नेमका तोच ऊसतोडीचा हंगाम. मूल आईबापांसोबत फडावर गेले की शाळाही बुडते आणि परीक्षाही. तिसरी ते पाचवीची अट पाहता मुलाची शाळा मध्येच सुटणे जास्तच महागात पडते. अशा मुलाला गावात आजीकडे ठेवता येईल का, हंगामी वसतिगृह आहे का, परीक्षेच्या दिवशी केंद्रावर कोण नेईल, हे दिवाळीआधीच ठरवा. इथे कार्यकर्त्याची खरी गरज असते. दोन मुलांना मोटारसायकलवरून केंद्रावर पोहोचवणे हे भाषणापेक्षा मोठे काम आहे.

कार्यकर्त्यांसाठी वर्षाचे वेळापत्रक

मे-जून : वस्तीतील चौथी पास मुलांची यादी, जन्मतारखा आणि दाखल्यांची तपासणी.
जून-जुलै : नवोदय विद्यालय समितीच्या संकेतस्थळावर अर्ज. अर्जाला शुल्क नसते. मुख्याध्यापकांची सही असलेले प्रमाणपत्र, फोटो, मुलाची आणि पालकाची सही तयार ठेवा. शेवटच्या तारखेची वाट पाहू नका.
ऑगस्ट ते ऑक्टोबर : रोज दीड तास अभ्यासिका, विहारात किंवा समाजमंदिरात.
त्यानंतर परीक्षेपर्यंत : दर आठवड्याला पूर्ण चाचणी, प्रवेशपत्र काढणे, केंद्र आधी पाहून येणे.
तारखा दरवर्षी बदलतात, त्या त्या वर्षाची सूचना स्वतः वाचा. पैसे घेऊन जागा मिळवून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

निवड झाली तर, नाही झाली तर

निवड झालेले मूल अकराव्या-बाराव्या वर्षी घर सोडते. स्वतःचे कपडे धुणे, सामान सांभाळणे, त्रास झाला तर शिक्षकांना सांगणे हे आधी शिकवा. नववीत काही मुलांना वर्षभर दुसऱ्या राज्यातल्या नवोदयला पाठवतात, हेही घरच्यांना माहीत असावे. कोणी जातीवरून बोलले तर गप्प बसायचे नाही, पण एकट्याने भांडायचेही नाही, हे मुलाशी मोकळेपणाने बोलून ठेवा.

निवड झाली नाही तर काय? बसलेल्यांपैकी बहुतेकांची होत नाही. त्या दिवशी मुलाशी कसे बोलतो, यावर त्याची पुढची वर्षे ठरतात. नवोदयमध्ये नववी आणि अकरावीतही रिक्त जागांसाठी परीक्षा होते. सामाजिक न्याय विभागाच्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींच्या शासकीय निवासी शाळा आहेत. आठवीत एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा आहे, तीत निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी नववी आणि अकरावीला केंद्राची श्रेष्ठ योजना आहे. नवोदयसाठी केलेला अभ्यास यांतल्या प्रत्येक ठिकाणी उपयोगी पडतो.

शेवटी एक लक्षात ठेवू. ८० मुले नवोदयला जातील, उरलेली आपल्याच गावच्या जिल्हा परिषद शाळेत शिकतील. अभ्यासिका फक्त निवडक हुशार मुलांसाठी चालवली तर आपणही तीच चाळणी लावल्यासारखे होईल. म्हणून आमच्या अभ्यासिकेत पाचवीचे प्रत्येक मूल बसते, त्याने अर्ज भरला असो वा नसो. निकालानंतरच्या सोमवारीही अभ्यासिका ठरलेल्या वेळी उघडते.

जय भीम.