कॉर्पोरेट क्षेत्रातील महिलांचे कार्य-जीवन संतुलन

कॉर्पोरेट क्षेत्रातील महिलांचे कार्य-जीवन संतुलन म्हणजे खाजगी कंपन्यांतील जबाबदाऱ्या व पदोन्नती यांचा कुटुंब, अपत्यसंगोपन, आरोग्य आणि स्वतःच्या आवडी यांच्याशी घातलेला मेळ होय. हा मेळ केवळ त्या स्त्रीच्या कष्टाळूपणावर अवलंबून नसतो. घरातील कामाची वाटणी, कंपनीची धोरणे, कायदे आणि पाळणाघर, वसतिगृह यांसारख्या सोयी यांचाही त्यात मोठा वाटा असतो.

पार्श्वभूमी

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, विनामोबदला घरकाम करणाऱ्यांपैकी स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे, तर पुरुष ८८ मिनिटे या कामासाठी देतात. २०१९ मध्ये हे आकडे अनुक्रमे २९९ व ९७ होते. नोकरीनंतर घरी सुरू होणाऱ्या या कामासाठी ‘दुसरी शिफ्ट’ ही संज्ञा अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांच्या १९८९ मधील पुस्तकामुळे रूढ झाली. व्यवस्थापकपदाकडे जाण्याची वर्षे आणि मुले लहान असण्याची वर्षे बहुधा एकच असल्याने अनेक महिलांच्या नोकरीत याच टप्प्यावर खंड पडतो.

महाराष्ट्रातील उदाहरणे

सुधा मूर्ती यांनी १९७४ च्या सुमारास टेल्को कंपनीची केवळ पुरुष अभियंत्यांसाठी असलेली जाहिरात पाहून जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड लिहिले. त्यानंतर त्या टेल्कोतील पहिल्या महिला अभियंता झाल्या आणि पुण्यात रुजू झाल्या. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिससाठी त्यांनी आपल्या बचतीतून १० हजार रुपये दिले. मात्र पती-पत्नी दोघांनी एकाच कंपनीत काम करू नये, या पती नारायण मूर्ती यांच्या भूमिकेमुळे त्या कंपनीबाहेर राहिल्या. ती भूमिका चुकीची होती, असे नारायण मूर्ती यांनी २०२४ मध्ये जाहीरपणे सांगितले.

कोल्हापूरच्या लीना नायर यांनी सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातून अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. १९९२ मध्ये त्या हिंदुस्तान लिव्हरमध्ये दाखल झाल्या. २०१६ मध्ये युनिलिव्हरच्या पहिल्या महिला मुख्य मनुष्यबळ अधिकारी आणि जानेवारी २०२२ मध्ये शनेल या फ्रेंच कंपनीच्या जागतिक मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या. त्या विवाहित असून त्यांना दोन मुलगे आहेत. भारतात त्या मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख असताना कंपनीने नोकरीत खंड पडलेल्या महिलांना लवचीक वेळेत काम देणारा ‘करिअर बाय चॉइस’ हा उपक्रम राबवला.

कायदेशीर तरतुदी

मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळू लागली. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा मिळाली. रजेनंतर परस्परसंमतीने घरून काम करण्याचीही तरतूद झाली. कंपनी कायदा, २०१३ नुसार सूचिबद्ध कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक महिला असणे आवश्यक आहे.

राज्य कर्मचारी विमा योजनेबाहेरील महिलांच्या रजेचा खर्च नियोक्त्यावर पडतो. त्यामुळे तरुण महिलांना नोकरी देण्यास कंपन्या कचरतात, अशी टीका होते. खाजगी क्षेत्रातील पित्यांना अपत्यजन्मानंतर रजेचा कायदेशीर हक्क नाही. परिणामी संगोपन हे आईचेच काम ही समजूत टिकून राहते.

खानदेशातील स्थिती

मिरचीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले दोंडाईचा (ता. शिंदखेडा, जि. धुळे) हे सुरत–भुसावळ रेल्वेमार्गावरील शहर आहे. अशा शहरांतील पदवीधर मुलींना मोठ्या कंपन्यांतील नोकरीसाठी बहुधा पुणे, मुंबई, नाशिक किंवा सुरत गाठावे लागते. माहेर व सासर दोन्ही दूर राहिल्याने आजी-आजोबांचा रोजचा आधार मिळत नाही. म्हणून सुरक्षित निवास आणि विश्वासू पाळणाघर या त्यांच्या पहिल्या गरजा ठरतात. मूळच्या जळगावच्या असलेल्या माजी राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांनी मुंबई व दिल्ली येथे नोकरदार महिलांची वसतिगृहे सुरू करण्यात पुढाकार घेतला होता.

घरून काम करण्याच्या पद्धतीमुळे गावी राहून नोकरी करणे काहींना शक्य झाले आहे. तथापि, घरकामाची वाटणी पूर्वीसारखीच राहिल्यास या सोयीमुळे कामाचे तास केवळ लांबतात आणि कार्यालयात प्रत्यक्ष उपस्थिती नसल्याने पदोन्नतीच्या वेळी दुर्लक्ष होण्याची शक्यताही असते.