'धक्का' विद्यार्थ्याला बसतो की दिला जातो? अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांचा धडा

आरक्षणाचा विषय निघाला की "अमेरिकेत बघा, तिथे फक्त मेरिट चालते" हे वाक्य आपल्या तोंडावर फेकले जाते. म्हणून आम्ही तिथलाच इतिहास समोर ठेवतो.

१९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे ज्युनिअर कॉलेज सुरू झाले. त्यामागे शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांचा विचार होता. पदवीची पहिली दोन वर्षे बाहेर शिकवावीत, विद्यापीठाने वरचे शिक्षण आणि संशोधन सांभाळावे, असा तो विचार. म्हणजे दार उघडले, पण मागचे! १९४७ च्या ट्रुमन आयोगाने 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ केले आणि गरिबी व वंशभेदाचे अडसर दूर करा असे बजावले. पुढे १९६० मध्ये कॅलिफोर्नियाने मास्टर प्लॅन आणला. वरच्या साडेबारा टक्क्यांना कॅलिफोर्निया विद्यापीठ, वरच्या एक तृतीयांशांना स्टेट कॉलेजे, उरलेल्या सर्वांना ज्युनिअर कॉलेज. तिथे दोन वर्षे शिकून विद्यापीठात जाता येईल, हे आश्वासन.

त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी दाखवून दिले की, ही कॉलेजे अनेकांच्या आकांक्षा हळूहळू 'थंड' करतात. कुणी उघड नकार देत नाही, पण विद्यार्थी स्वतःच छोट्या कोर्सवर समाधान मानतो.

जे तरीही विद्यापीठात पोहोचले त्यांचे काय? १९६५ मध्ये जॉन हिल्स यांनी 'ट्रान्सफर शॉक' हा शब्द दिला. विद्यापीठातल्या पहिल्या सत्रात या मुलांचे गुण घसरतात. प्रस्थापितांनी एवढेच उचलले. पण हिल्स यांनीच नोंदवले होते की, पुढे बहुतेकांचे गुण पुन्हा सावरतात. त्याच वर्षी डोरोथी नोएल आणि लेलँड मेडस्कर यांनी दहा राज्यांतील हजारो विद्यार्थ्यांचा अभ्यास मांडला. त्यातही बहुसंख्य विद्यार्थी पदवीपर्यंत पोहोचलेले दिसले.

मग अडते कुठे? २०१७ मध्ये अमेरिकन सरकारच्या जीएओ या तपासणी संस्थेने सांगितले की, कॉलेज बदलणाऱ्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स वाया जातात. २०१५ साली अटवेल आणि मोनाहन यांच्या संशोधनात दिसले की, ज्यांची क्रेडिट्स मान्य झाली त्यांची पदवी मिळवण्याची शक्यता कितीतरी जास्त. म्हणजे मुलगा तोच, मेहनत तीच. फरक कारकुनाच्या शिक्क्याचा! शिकलेले 'शिकलेले' मानायचे की नाही, हे वरचा ठरवतो आणि नापास मात्र खालचा ठरतो. ही रीत आपल्याला नवी आहे का?

हा इतिहास आज का वाचायचा? कारण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आपल्याकडेही एका वर्षाने सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा अशी बाहेर पडण्याची सोय केली आहे. क्रेडिट बँकही आली आहे. फी भरता न आल्याने बाहेर पडणारा कोण असेल, हे सांगायला संशोधन लागत नाही. म्हणून आमचे तीन प्रश्न आहेत. किती बाहेर पडले? किती परत आले? किती क्रेडिट्स मान्य झाली? प्रत्येक विद्यापीठाने ही आकडेवारी प्रवर्गनिहाय जाहीर करावी.

पहिल्या सत्राचे गुण दाखवून आमची लायकी काढणाऱ्यांनी आधी शेवटच्या सत्राचा निकाल वाचावा.

जय भीम!